विश्लेषण : ‘पंधरा दिवसांचा नवरा’! युद्धातून सुट्टीवर आलेल्या सैनिकांच्या संसाराचे युक्रेनमध्ये काय होत आहे?

घरी कायमचे कधी येणार, याची तारीख ठाऊक नाही. आघाडीवर परत कधी जायचे, याची तारीख मात्र पक्की. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले, तेव्हापासून युक्रेनमधील लाखो घरांत संसार याच पद्धतीने सुरू आहे. समाजमाध्यमांवर रेल्वे स्थानकावरच्या मिठ्या, हातात फुले घेतलेले सैनिक आणि बाबांकडे धावणारी मुले यांच्या चित्रफिती फिरतात. पण चित्रफीत संपल्यानंतरच्या पंधरा दिवसांत घरात काय घडते, याची चर्चा कमी होते. सुट्टीचे नियम काय आहेत, ती मिळण्यात अडचण काय, नवरा-बायकोच्या नात्यावर तिचा काय परिणाम होतो आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला वाद कोणता, याचा आढावा.

सुट्टीचा नियम काय आहे?

युद्ध सुरू झाल्यावर पहिल्या टप्प्यात युक्रेनच्या सैनिकांसाठी नियमित सुट्टी जवळपास बंदच होती. कौटुंबिक कारणासाठी दहा दिवसांपर्यंतची सवलत हाच काय तो आधार होता. युद्ध लवकर संपत नाही हे स्पष्ट झाल्यावर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार मार्शल लॉ लागू असतानाही सैनिकाला वर्षाला ३० दिवसांची सुट्टी देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र ही सुट्टी सलग घेता येत नाही. ती तुकड्यांमध्ये घ्यावी लागते आणि एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांना यापेक्षा जास्त, म्हणजे ९० दिवसांपर्यंतची सुट्टी देण्याची तरतूद नंतर झाली.

साधा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. वर्षाला ३० दिवस याप्रमाणे प्रत्येक सुट्टी मिळाली असे धरले, तरी तीन वर्षांत, म्हणजे सुमारे १,०९५ दिवसांत, नवरा घरी असण्याचे दिवस भरतात ९०. म्हणजे साधारण बारा दिवसांमागे एक दिवस. २०२२ मध्ये भरती झालेल्यांना तर पहिल्या वर्षी तेवढेही मिळाले नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. युक्रेनचे सैन्य विशी-पंचविशीतल्या तरुणांचे नाही. सक्तीच्या भरतीचे किमान वय तेथे आधी २७ होते, ते एप्रिल २०२४ मध्ये २५ करण्यात आले. आघाडीवरील सैनिकांचे सरासरी वय चाळिशीच्या पुढे असल्याचे अनेकदा समोर आले आहे. म्हणजे खंदकात बसलेला माणूस बहुतेक वेळा लग्न झालेला, शाळेत जाणाऱ्या मुलांचा बाप, घराचे हप्ते भरणारा आणि युद्धापूर्वी इलेक्ट्रिशियन, चालक, शिक्षक किंवा शेतकरी असलेला गृहस्थ आहे. त्यामुळे सुट्टीचा प्रश्न हा तेथे थेट संसाराचा प्रश्न ठरतो.

कागदावरची सुट्टी प्रत्यक्षात का मिळत नाही?

नियमात एक अट आहे. तुकडीतील ३० टक्क्यांहून अधिक सैनिक एकाच वेळी गैरहजर राहता कामा नयेत. मनुष्यबळ पुरेसे असेल तर ही अट जाचक नाही. पण ज्या तुकडीत आधीच माणसे कमी आहेत, जखमींच्या जागा भरलेल्या नाहीत, तेथे सुट्टीचा अर्ज पुढे ढकलला जातो. निर्णय कमांडरच्या हाती असतो आणि त्याच्यासमोरही पर्याय कमी असतात.

दुसरे कारण ड्रोनचे. गेल्या काही वर्षांत आघाडीलगतचा कित्येक किलोमीटरचा पट्टा ड्रोनच्या टप्प्यात आला आहे. गाडीने माणसे नेणे-आणणे धोक्याचे झाले. त्यामुळे पायदळातील सैनिकांना एकाच ठाण्यावर शंभरहून अधिक दिवस काढावे लागल्याची उदाहरणे आहेत. अन्न, पाणी आणि बॅटऱ्याही ड्रोननेच पोहोचवल्या जातात. ठाण्यातून बाहेर पडणेच जिवावरचे असेल, तर मंजूर झालेली सुट्टीही कागदावर राहते.

याचा घरावर होणारा परिणाम सरळ आहे. मुलाचा वाढदिवस, बायकोचे ऑपरेशन, आई-वडिलांचे आजारपण यांपैकी कशाचेही नियोजन सुट्टीच्या भरवशावर करता येत नाही. अनेक घरांत म्हणूनच सुट्टीची बातमी मुलांना आधी सांगितली जात नाही. बाबा गाडीत बसले, की मगच सांगायचे.

सुट्टी नाही, मग बायकोच आघाडीकडे?

नवऱ्याला घरी येता येत नसेल, तर बायकोने त्याच्याकडे जायचे, हा मार्ग हजारो स्त्रियांनी शोधला. कीवहून दोनेत्स्क प्रांतातील क्रामातोर्स्कला जाणारी रेल्वे यासाठीच ओळखली जाऊ लागली. आघाडीपासून जवळ असलेल्या या शहरात सैनिकाला एक-दोन दिवसांची मोकळीक मिळाली, की बायको रात्रभराचा किंवा दिवसभराचा प्रवास करून पोहोचायची. स्थानकाबाहेर फुले विकणारे, दिवसाच्या भाड्याने मिळणारी घरे, कॉफीची छोटी दुकाने असे एक छोटे अर्थकारणच या भेटींभोवती उभे राहिले. याच स्थानकावर ८ एप्रिल २०२२ रोजी क्षेपणास्त्र हल्ला होऊन सुमारे ६० नागरिकांचा मृत्यू झाला होता, हे माहीत असूनही या स्त्रिया येत राहिल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हा मार्गही आखडला. सुरक्षेच्या कारणास्तव युक्रेनच्या रेल्वेने क्रामातोर्स्क आणि स्लोव्हियान्स्कपर्यंतची सेवा थांबवली. गाड्या शेजारच्या खार्किव्ह प्रांतातील बार्विन्कोवेपर्यंतच धावू लागल्या आणि पुढचा प्रवास रस्त्याने करण्याची वेळ आली. लष्करी नकाशावर ही घडामोड किरकोळ वाटेल. पण ज्या जोडप्यांची वर्षातील निम्मी भेट याच गाडीमुळे होत होती, त्यांच्यासाठी ती मोठी होती.

परदेशात गेलेल्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी आहे. युक्रेनमधून ५० लाखांहून अधिक नागरिक निर्वासित म्हणून बाहेर पडले आणि त्यात स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे आहे. पोलंड किंवा जर्मनीत राहणाऱ्या बायकोची नोकरी तिथली, मुलांची शाळा तिथली. नवऱ्याला सुट्टी मिळाली, की बहुतेक वेळा तिलाच मुलांना घेऊन सीमा ओलांडून यावे लागते. नवऱ्याच्या सुट्टीची तारीख आणि मुलांच्या शाळेची सुट्टी जुळलीच पाहिजे, असे नाही.

त्या पंधरा दिवसांत घरात काय घडते?

सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करणारे समुपदेशक साधारण एकसारखा क्रम सांगतात. पहिले दोन-तीन दिवस तो झोपतो. महिनोन्महिने सलग झोप न मिळालेल्या शरीराची ती गरज असते. पण सहा महिने वाट पाहिलेल्या बायकोला पंधरातले तीन दिवस असे गेल्याचे वाईट वाटते आणि वाईट वाटल्याबद्दल अपराधीही वाटते.

त्यानंतरचे दिवस कामांचे. गळणारे छप्पर, बंद पडलेला जनरेटर, दातांचा डॉक्टर, बँकेतली कागदपत्रे, गावाकडचे आई-वडील, रुग्णालयात असलेले सहकारी आणि गेलेल्या मित्राच्या घरी जाऊन येणे. प्रत्येकाला तो थोडा थोडा हवा असतो. शेवटचे तीन-चार दिवस निघण्याच्या सावटाखाली जातात. घरात चिडचिड वाढते. बॅग अजून भरलेली नसते, पण मन निघालेले असते. निरोप सोपा जावा म्हणून भांडण उकरून काढले जाते, हेही समुपदेशकांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. अमेरिकी लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी मोहिमेवर जाणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांतील भावनिक चक्राचे टप्पे मांडले, त्यातही निघण्यापूर्वीचा हा दुरावा स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे.

सर्वांत अवघड भाग असतो तो घरातील जागेचा. तो गेल्यावर बायकोने सगळे हाती घेतलेले असते. गाडी चालवणे, हिशेब, मुलांचे अभ्यास, वीज गेल्यावरची सोय, सायरन वाजल्यावर मुलांना घेऊन तळघरात उतरणे, हे सगळे तिने स्वतःच्या पद्धतीने बसवलेले असते. तो येतो आणि जुन्या सवयीने निर्णय घेऊ पाहतो. मुलगा परवानगी मागायला आईकडेच जातो. धाकटे मूल त्याला फोनच्या पडद्यावरच ओळखत असते, मांडीवर यायला दोन दिवस घेते. आपल्याशिवाय घर नीट चालते, ही गोष्ट त्याला दिलासाही देते आणि टोचतेही. पंधरा दिवसांसाठी तिने घडी मोडावी की मोडू नये, याचे उत्तर तिच्याकडेही नसते, कारण सोळाव्या दिवशी तीच घडी तिला पुन्हा बसवायची असते.

शरीराच्या जवळिकीबद्दलही दोघांवर न बोललेले दडपण असते. इतक्या दिवसांनी भेट होते, म्हणजे सगळे आपोआप पूर्वीसारखे होईल, ही अपेक्षा बाहेरच्यांची आणि त्यांची स्वतःचीही असते. पण थकवा, दुखापत, झोपेत दचकून उठणे, मोटरसायकलचा आवाज ऐकून ताठ होणे (तो ड्रोनसारखा वाटतो) या गोष्टी त्याच्यासोबत घरात आलेल्या असतात. तो आघाडीवरचे सांगत नाही, कारण तिला घाबरवायचे नसते. ती घरातले सांगत नाही, कारण त्याला काळजी द्यायची नसते. दोघेही एकमेकांना जपत असतात आणि त्यातूनच बोलणे कमी होते.

युक्रेनच्या बाबतीत आणखी एक फरक आहे. इराक किंवा अफगाणिस्तानातून सुट्टीवर येणारा अमेरिकी सैनिक सुरक्षित घरी यायचा. युक्रेनी सैनिक ज्या घरी येतो, त्या शहरावरही रात्री ड्रोन आणि क्षेपणास्त्रे येतात, वीज तासन्‌तास जाते. त्यामुळे परत जाताना काळजी एकाच बाजूची राहत नाही. तो तिची करतो, ती त्याची.

पैशांचा प्रश्नही यात येतो. प्रत्यक्ष लढाईच्या ठिकाणी असलेल्या सैनिकांना महिन्याला १ लाख रिव्हनियापर्यंत अतिरिक्त भत्ता मिळतो, पण तो आघाडीवर काढलेल्या दिवसांच्या प्रमाणात. त्यामुळे घरी असलेल्या दिवसांत हाती येणारी रक्कम कमी होते आणि खर्च मात्र नेमका त्याच दिवसांत वाढलेला असतो.

‘घरात आहे, पण नाही’ म्हणजे काय?

अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यातून ‘अनिश्चित वियोग’ ही संकल्पना पुढे आली. तिचे दोन प्रकार सांगितले जातात. एकात माणूस शरीराने घरात नसतो, पण मनाने सगळ्यांच्या सोबत असतो. दुसऱ्यात माणूस समोर बसलेला असतो, पण मनाने तेथे नसतो.

सुट्टीवर आलेल्या सैनिकाच्या घरात हे दोन्ही प्रकार एकामागोमाग येतात. तो आघाडीवर असताना जेवणाच्या टेबलावर त्याची खुर्ची रिकामी ठेवली जाते, प्रत्येक निर्णयात त्याचे नाव निघते. तो घरी येतो, त्या खुर्चीवर बसतो आणि फोनवर तुकडीच्या ग्रुपमधले मेसेज पाहत राहतो, कारण त्याच्या जागी आज दुसरे कोणी ठाण्यावर आहे. बायकोला वाटते, हा माझ्याजवळ नाही. त्याला वाटते, मी येथे आरामात आहे आणि तिकडे माझी माणसे मरत आहेत. कोणाचेही चूक नसते. मात्र ही गोष्ट नावाने माहीत नसेल, तर दोघेही तिचा अर्थ ‘प्रेम उरले नाही’ असा लावण्याची शक्यता असते. युक्रेनमध्ये २०१८ पासून काम करणारी ‘व्हेटरन हब’ ही संस्था आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘तू कसा आहेस?’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम अशा प्रयत्नांचा भाग आहे. पण सैन्याच्या आकाराच्या मानाने ही मदत अपुरी पडते.

प्रत्येक घरातील ताण केवळ अबोल्यापुरता राहत नाही, हेही खरे. दारू, संताप आणि कौटुंबिक हिंसाचार यांचा धोका युद्धातून आलेल्या माणसांच्या घरात वाढतो. युक्रेनच्या संसदेने युद्ध सुरू असतानाच, जून २०२२ मध्ये, स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधातील ‘इस्तंबूल करारा’ला मंजुरी दिली, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. मात्र नवरा ‘देशाचा वीर’ असताना त्याच्याविरुद्ध तक्रार करणे बायकोसाठी सोपे नसते.

लग्न आणि मूल यासाठी कायदे का बदलावे लागले?

युद्ध सुरू होताच लग्नांची संख्या घटेल असा अंदाज होता. झाले उलटेच. कीवमध्ये पहिल्या पाच महिन्यांत नऊ हजारांहून अधिक विवाह नोंदवले गेले, त्याआधीच्या वर्षी याच काळात हा आकडा हजाराच्या आसपास होता. यामागे प्रेम होतेच, पण व्यवहारही होता. कायदेशीर पत्नीला रुग्णालयात माहिती मिळते, नुकसानभरपाईचा हक्क मिळतो. सोबत राहणाऱ्या, पण लग्न न केलेल्या जोडीदाराला हे सिद्ध करत बसावे लागते. त्यामुळे सैनिकाला प्रत्यक्ष हजर न राहता, कमांडरमार्फत विवाह नोंदवण्याची सोय मार्च २०२२ मध्येच करण्यात आली. पुढे २०२४ मध्ये ‘दिया’ या सरकारी ॲपवरून व्हिडीओ कॉलद्वारे लग्न नोंदवण्याची सुविधाही आली. काही जोडप्यांच्या बाबतीत लग्न आधी ॲपवर झाले आणि नवरा-बायको म्हणून पहिली भेट नंतर सुट्टीत झाली.

मुलाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वर्षातून दोनदा पंधरा दिवस भेट, वय पस्तिशी-चाळिशीचे, त्यात जखमी होण्याची भीती, अशा स्थितीत मूल हवे असलेल्या जोडप्यांसाठी प्रत्येक सुट्टी म्हणजे एक संधी आणि एक परीक्षा. नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या संसदेने सैनिकांच्या प्रजननपेशी सरकारी खर्चाने गोठवून ठेवण्याचा कायदा केला. मात्र सैनिकाच्या मृत्यूनंतर त्या नष्ट कराव्यात, अशी तरतूद त्यात होती. त्यावर टीका झाली. ज्या प्रसंगासाठी त्या जपायच्या, त्याच प्रसंगी नष्ट करायच्या, हे विचित्र असल्याचे वकिलांनी आणि सैनिकांच्या पत्नींनी दाखवून दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा बदलला. मृत्यूनंतर तीन वर्षे या पेशी मोफत जपण्याची आणि सैनिकाने आधी दिलेल्या लेखी संमतीने जोडीदाराला त्या वापरता येण्याची तरतूद झाली. त्यामुळे सुट्टीच्या पंधरा दिवसांत आता आणखी एका कामाची भर पडली. ‘मी नसताना’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या कागदावर सही करणे.

मग मूळ वाद दिवसांचा की तारखेचा?

सुट्टी १५ दिवसांऐवजी ३० दिवसांची केली तर प्रश्न सुटेल का? सैनिकांच्या पत्नींच्या मागण्या पाहिल्या तर उत्तर ‘नाही’ असे मिळते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कीवमध्ये सैनिकांच्या पत्नी आणि माता रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांची मुख्य मागणी जास्त सुट्टीची नव्हती. आघाडीवरील सेवेला १८ महिन्यांची मर्यादा घाला, अशी ती होती. युद्ध थांबवा असेही त्या म्हणत नव्हत्या. आमच्या माणसांचा वाटा झाला असेल, तर आता इतरांची पाळी येऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सरकारने भरतीच्या नव्या विधेयकात ३६ महिन्यांनंतर सैनिकाला सेवामुक्त करण्याची तरतूद केलीही होती. पण मतदानाच्या तोंडावर ती काढून टाकण्यात आली. अनुभवी सैनिक गेले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत तर आघाडी कोसळेल, अशी भूमिका सरसेनापती ओलेक्सांद्र सिरस्की आणि तत्कालीन संरक्षणमंत्री रुस्तेम उमेरोव्ह यांनी घेतली. ११ एप्रिल २०२४ रोजी २८३ मतांनी कायदा मंजूर झाला आणि १८ मे २०२४ पासून लागू झाला. त्यात सेवेची मुदत नव्हती. वयाची ६० वर्षे, गंभीर अपंगत्व, तीन किंवा त्याहून अधिक अल्पवयीन मुले अशी काही कारणे सोडली, तर युद्ध संपेपर्यंत सेवा हाच नियम राहिला.

लष्कराचा युक्तिवाद चुकीचा ठरवणे सोपे नाही. हजार किलोमीटरहून लांब आघाडी, समोर मोठे सैन्य आणि भरतीला कमी प्रतिसाद ही वस्तुस्थिती आहे. पण संसाराच्या बाजूने पाहिले तर मुदत नसण्याचा अर्थ वेगळा होतो. मुदत असेल तर सुट्टी हा मधला थांबा असतो. नवरा-बायको ठरवू शकतात, की अमुक वर्षी घर घेऊ, तेव्हा मूल, तेव्हा उपचार. मुदत नसेल तर प्रत्येक सुट्टी शेवटची ठरू शकते आणि त्यामुळे पंधरा दिवसांवर अख्ख्या संसाराचे ओझे येते. भांडायलाही वेळ नसतो आणि समेट करायलाही. पुढच्या वेळी बोलू, हे वाक्यच वापरता येत नाही.

या कोंडीचा एक परिणाम लष्करालाही भोगावा लागतो. परवानगीशिवाय तुकडी सोडणाऱ्यांविरुद्धच्या गुन्ह्यांची संख्या युक्रेनमध्ये लाखाच्या पुढे गेली आहे. सगळेच पळून गेलेले नसतात. सुट्टीवर किंवा उपचारासाठी घरी गेलेले आणि ठरल्या दिवशी परत न फिरलेलेही त्यात आहेत. पहिल्यांदा असे करणाऱ्याला शिक्षेशिवाय परत येऊ देण्याची सवलत २०२४ मध्ये द्यावी लागली, ती त्यामुळेच.

रशियातील कुटुंबांचे काय?

सीमेपलीकडे चित्र फारसे वेगळे नाही, फक्त बोलण्याची मोकळीक कमी आहे. राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी २१ सप्टेंबर २०२२ रोजी अंशतः सैन्यभरती जाहीर केली आणि तीन लाख राखीव नागरिकांना बोलावले. त्याच आदेशाने सैनिकांचे करार बेमुदत झाले. भरती झालेल्यांची अदलाबदल होणार नाही, ते मोहीम संपल्यावरच परततील, असे संसदेच्या संरक्षण समितीचे प्रमुख आंद्रेई कार्तापोलोव्ह यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले. त्याच सुमारास सैनिकांच्या पत्नींचा ‘पुत दमोय’, म्हणजे ‘घरची वाट’ हा गट पुढे आला. डोक्याला पांढरे रुमाल बांधून या स्त्रिया शनिवारी मॉस्कोत अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुले वाहत. मे २०२४ अखेरीस रशियाने या गटाला ‘परकीय हस्तक’ ठरवले. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन सैन्यांतील बायकांनी सरकारला विचारलेला प्रश्न मात्र एकच होता : तारीख सांगा.

इतिहास काय सांगतो?

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने सैनिकांना नियमित सुट्टी देण्यास १९१५ च्या उन्हाळ्यात सुरुवात केली. पण ती वारंवार रद्द होई. १९१७ मध्ये फ्रेंच सैन्यात मोठे बंड झाले, तेव्हा निरर्थक हल्ले थांबवण्यासोबत सुट्टी वेळेवर मिळावी ही सैनिकांची प्रमुख मागणी होती. नवे सरसेनापती फिलिप पेताँ यांनी दर चार महिन्यांनी सात दिवसांची सुट्टी पक्की केली आणि सैन्य सावरण्यात त्याचा वाटा राहिला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकाची तैनाती साधारण एक वर्षाची होती. मधल्या विश्रांतीसाठी लग्न झालेले सैनिक हवाईला जात आणि बायका मुख्य भूमीवरून विमानाने तेथे येत. भेट आठवड्याभराचीच असे, पण परतीची तारीख दोघांनाही माहीत असे.

युद्ध संपल्यावर काय होते, याचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ६० हजार घटस्फोट झाले, युद्धापूर्वीच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पट होते. अमेरिकेत १९४६ मध्ये सहा लाखांच्या आसपास घटस्फोट झाले. सुट्टीच्या घाईत झालेली लग्ने आणि वर्षानुवर्षांचा दुरावा ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात.

भारतीय जवानाची सुट्टी वेगळी कशी?

महाराष्ट्रात सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांना जवानाच्या सुट्टीचे वेळापत्रक पाठ असते. साताऱ्यातील आपशिंगे (मिलिटरी) या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ सैनिकांनी प्राण गमावले. गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. अशा गावांत लग्नाचा मुहूर्त, घराची पायाभरणी, जावळ हे सगळे सुट्टी पाहून ठरते.

भारतीय लष्करातील जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते. सीमेवरील ‘फील्ड’ पोस्टिंगनंतर ‘पीस’ पोस्टिंग येते आणि तेथे कुटुंबासोबत राहता येते. दुरावा येथेही आहे, पण तो कधी संपणार याचा अंदाज घराला असतो. अर्थात रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि गरज पडल्यास जवानाला परत बोलावता येते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी याचा अनुभव आला. सुट्ट्या रद्द झाल्या आणि लग्नाला काही दिवसच झालेले जवानही परतले. तेव्हा गावागावांत निरोप समारंभ झाले. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली आणि बहुतेक घरांचा घोर मिटला. त्या काही दिवसांत येथील घरांनी जे अनुभवले, ते युक्रेनमधील घरे वर्षानुवर्षे अनुभवत आहेत, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

पुढे काय?

शस्त्रसंधी झाली तर लाखो पुरुष आणि हजारो महिला सैनिक एकाच वेळी घरी येतील. तेव्हा पंधरा दिवसांच्या सवयीला लागलेल्या संसारांना पूर्ण वर्ष एकत्र काढायचे असेल. समुपदेशन, व्यसनमुक्ती, नोकरी आणि कौटुंबिक हिंसाचाराविरोधातील यंत्रणा यांची खरी गरज तेव्हा लागेल. युद्ध चालू राहिले, तर मुदतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढेल.

मुदत देता येते, हे युक्रेनने दाखवलेही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ ते २४ वयोगटातील तरुणांसाठी एक वर्षाचा स्वेच्छा करार आणण्यात आला. त्यात १० लाख रिव्हनियाची रक्कम आहे आणि वर्ष संपल्यावर बारा महिने सक्तीच्या भरतीतून सूट आहे. म्हणजे विशीतल्या, बहुधा लग्न न झालेल्या तरुणाला सही करतानाच घरी परतण्याची तारीख कळते. २०२२ मध्ये भरती झालेल्या, दोन मुलांच्या चाळिशीतल्या बापाला मात्र त्या कायद्याने अशी तारीख दिली नाही. त्याच्या बायकोच्या हातात फक्त पुढच्या सुट्टीचा अर्ज उरला.